नाव नसलेलं वर्ष

आमच्या कार्यालयातल्या फलकावर विज्ञान पुरस्काराच्या सगळ्या मानकऱ्यांची नावं आहेत. एका वर्षापुढे मात्र काहीच नाही. परवा एका शाळकरी मुलीनं विचारलं, “त्या वर्षी कुणीच हुशार नव्हतं का?”

मी नुसताच हसलो. त्या वर्षी निवड झालेल्या, आयुष्यभर शेवाळाचा अभ्यास करत डोंगर पालथे घातलेल्या संशोधकांना ती बातमी द्यायला मीच फोन केला होता. त्यांच्या पत्नीनं उचलला.

“ते सकाळीच गेले हो.”

हयात नसलेल्याला हा पुरस्कार देता येत नाही, आणि न दिलेल्या पुरस्काराची वाच्यताही करायची नसते.

“त्यांच्याकडे काही काम होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो, “सहजच केला होता.”