दिवस भरायच्या आदीची निवडणूक

दिल्लीचं सरकार दिवस भरायच्या आदीच पडलं अन् निवडणूक लागली, त्या साली मी पोटुशी व्हते. पैलं लेकरू घरीच झालं अन् घरीच गेलतं. म्हनून ह्या टायमाला सिरसाळ्याच्या नर्सबाईनं दटावलं व्हतं, "कळ आली की दवाखाना. वाट बघत बसायचं न्हाई." मी म्हनलं, बरं. रडून काय व्हतंय? पानी तर रोज भरायचंच व्हतं.

घरात तीन गडी. सासरे, मालक अन् धाकला दीर. तिघांचं म्हननं एकच, सत्तेवाला खासदार पडला पायजे. पर पाडायचा कुनी, ह्याच्यावरून बोलनं बंद. आमच्या वस्तीच्या पक्षाचे दोन तुकडे झालते. एकाची निशानी बादली, दुसऱ्याची शिडी. सासरे बादलीत, मालक शिडीवर. दीर कालेजच्या पोरांसंगं गेला तिसऱ्याच पक्षाच्या छत्रीखाली. सासरे जेवून उठल्याबिगर मालक ताटावर बसंनात, अन् ते दोघं उठल्याबिगर दीर. चूल इझायची म्हनून न्हाई. सासूबाई म्हनायच्या, "सत्तेवाला पडंल तवा पडंल, आदी माझी सून पडंल."

मतदानादिशी मानसं आनायला तिघांला बी आपापल्या पक्षानं जीप दिलती. तीन जीपा लिंबाखाली हुब्या, अन् सकाळीच मला कळ आली. सातव्यातच.

मालक धावत आले. "चल, शिडीच्या जीपीत बस."

सासरे आडवे झाले. "माझी सून शिडीत? गाव म्हनंल, म्हाताऱ्याच्या घरातच फूट हाय."

"हायच की फूट, आबा!" दीर म्हनला. "वैनी, छत्रीची जीप नवी हाय, दनके कमी बसतेत."

"गप बे!" मालक त्याच्यावर वराडले. "तुझ्या छत्रीचं डिपाझिट बी वाचत न्हाई."

"अन् आबाच्या बादलीला तर बूडच न्हाई!"

मी चौकट धरून हुबी. म्हनलं, "कुनाची बी चालंल, पर चला." कोन ऐकतंय!

तेवढ्यात सत्तेवाल्याची जीप आली, पार रिकामी. आमच्या वस्तीतलं कुनीच तिच्यात बसंना. सासूबाई हात आडवे करून रस्त्यात हुब्या ऱ्हायल्या. डायवर म्हनला, "मावशी, तुमी तर आमच्या मतातल्या न्हाई."

"पोटातलं अजून कुनाच्याच पक्षात न्हाई. चल!"

मी बसले, सासूबाई बसल्या. जीप हालली तसे मालक मागून लटकले, त्येंच्यामागं दीर. सासरे पुढं डायवरच्या शेजारी, मोठे म्हनून. सत्तेवाल्याचा झेंडा वाऱ्यानं सारखा त्येंच्याच तोंडावर येत व्हता. रस्त्यानं वस्तीतली मानसं मतदानाला पायी चाललेली. एक जन वराडला, "जयभीम आबा! कवा फुटले?"

सासऱ्यानं पटका डोळ्यावर वढला. मला कळा चालू, तरी हसू आलं.

दुपारी पोरगी झाली. तळहाताएवढी, आवाज मांजरीच्या पिलावानी. नर्सबाईनं कापसात गुंडाळली अन् म्हनली, "दूध वढलं तर जगंल." तिघं गडी दवाखान्याच्या पायरीवर बसलेले, एकच बिडी तिघांत फिरत व्हती. मताची कुनालाच याद न्हाई. पार सांजच्याला पोरगी दूध वढाया लागली, तवा सासरे उठले. म्हनले, "आरं, मतदान?"

ते कवाच बंद झालतं. तिकडं वस्तीत तिन्ही जीपा तशाच लिंबाखाली, डायवर झोपलेले.

सत्तेवालाच निवडून आला. सासरे दोन दिस बोटांवर मतं मोजत बसले. मग म्हनले, "बादली, शिडी, छत्री, तिघांची मतं एका जागी केली तर आपूनच जिंकलो की!"

"बेरीज आदी करायची असती," सासूबाई म्हनल्या अन् तिघांला एकदमच ताटं वाढली.

त्या निवडणुकीत आलेलं सरकार बी पुढं दिवस भरायच्या आदीच पडलं. माझी पोरगी टिकली. आता मतदानाला तीच मला स्कुटीवर मागं बसवून नेती. कुनाची गाडी दारात आली की आतूनच म्हनती, "आमची हाय."