वहिनींचा रेंजफाइंडर, दादाचा एसएलआर आणि माझा फोटो

वहिनी गेल्या. आज सकाळी, बुलढाण्याला, झोपेतच.

माझं लग्न जमलं ते त्यांच्या एका क्लिकमुळे.

नव्वदी ओलांडलीय माझी. फोनमध्ये बोलून ही पोस्ट लिहितेय, चुका समजून घ्या.

आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. राजधानी नागपूर, आणि वहिनी तिथल्याच. माहेरून कॅमेरा घेऊन आलेली सून आमच्या पिंपळगाव राजात कोणी पाहिली नव्हती.

त्यांचा कॅमेरा म्हणजे छोटासा रेंजफाइंडर. माझा भाऊ, दादा, वकील. त्याचा एसएलआर, चांगलाच जड.

दोघांचं रोज भांडण, कोणाचा बरा यावरून!

दादाच्यात वरून वाकून पाहायचं. चित्र स्वच्छ, पण डावं-उजवं उलटं. बटण दाबलं की आतला आरसा खाडकन वर, आणि चावी फिरवेपर्यंत सगळा अंधार.

वहिनींच्यात पाहायला पुढच्या काचेपासून वेगळी बारीक खिडकी. तिच्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकीवर एक आणल्या की फोकस झालं. आवाज जवळजवळ नाहीच.

पण एकदा त्यांनी अख्खा रोल काचेवरचं झाकण न काढताच संपवला.

दादा पोट धरून हसला. "माह्या कॅमेऱ्यात लगेच समजलं असतं!"

खरंच होतं ते. कपाशीचं बोंड जवळून टिपावं तर दादानेच.

मग माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. दादाने मला खुर्चीशेजारी उभं केलं.

"डावीकडे सरक... नाही, उजवीकडे. हालू नको!"

खाड. मी दचकले.

तो फोटो एका घरी गेला. निरोप आला, मुलगी आजारी दिसते.

आई दोन दिवस जेवली नाही.

त्याच आठवड्यात मी मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मागून बकरीने एक जुडी पळवली. मी खळखळून हसले. वहिनींनी बकरीसकट केव्हा फोटो काढला, कळलंही नाही.

वडनेर भोलजीच्या स्थळाला तोच पाठवायचा, असं त्या म्हणाल्या.

आबा, आमचे वडील, भडकले. "दात काढणाऱ्या पोरीचा फोटो? लोक काय म्हणतीन?"

वहिनी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "मामंजी, उद्या त्यायच्या घरी गेल्यावर पोरगी हासनच नं. मंग आताच पाहू द्या त्यायले."

आबांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला.

शेवटी आबा म्हणाले, "धाडा."

फोटो पाकिटात घातला दादाने. स्वतःच्या हाताने.

वडनेरची मंडळी आली. मुलाने मान वर करून एकच विचारलं, "बकरी कुठी हाये?"

आबासुद्धा हसले.

त्याच मुलाशी संसार केला. हे जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या घरात माझ्या हसण्यावरून मला कोणी कधी टोकलं नाही. माझ्या वयाच्या बायकांना विचारा, ही केवढी गोष्ट आहे.

वहिनी, नवी सून असताना तुम्ही सासऱ्यांपुढे माझ्यासाठी बोललात.

गुडघे साथ देत नाहीत, बुलढाण्याला येता येत नाही. इथूनच पाया पडते.

सुखाने जा.