पंजाबरावच्या पेट्या

वडनेर भोलजीच्या पंजाबरावनं उभी हयात घरात ठेवायचे स्पीकर बनवण्यात घातली. नांदुऱ्याला स्टेशनरोडवर त्याचं दुकान, एवढंसं. विद्या मात्र बापाची. बाप तुळशीराम गावातल्या एका टॉकीजमध्ये कामाला होता. पडद्यामागच्या स्पीकरचा कागदी कोन फाटला की नवा बसवायचा, जळालेली कॉइल केसासारख्या तांब्याच्या तारेनं पुन्हा गुंडाळायची, हे तो पाहून पाहून शिकला. टॉकीज बंद पडली तेव्हा तिथले दोन जुने, जड चुंबकाचे स्पीकर त्यानं घरी आणले आणि त्यांना सागवानाची पेटी केली. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. पेटी मोडून त्यानं दुसरी केली, मग तिसरी. शेवटी त्याला उमगलं की गायचं काम स्पीकरचं. पेटीनं गप्प बसायचं असतं. मग आत आडव्या पट्ट्या मारायच्या, जिनिंगमधून आणलेला कापूस हातानं पिंजून भरायचा, बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचं. पेटी ‘टण्’ वाजली की नापास.

पंजाबरावनं त्यात आपली भर घातली. बारीक, उंच पट्टीच्या आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, आणि तो किती बोलेल हे ठरवणारा एक छोटासा रेझिस्टर. तो किती ठेवायचा हे त्याचा कान सांगायचा. ओळखीच्या माणसाचा आवाज लावायचा, डोळे मिटायचे, आणि तो माणूस समोर बसून बोलतोय असं वाटेपर्यंत रेझिस्टर बदलत राहायचे. खामगाव-मेहकरहून लोक शोधत यायचे ते या कानासाठी.

पुढे लोकांना मोबाइल पुरायला लागला. पेट्यांची मागणी आटली. मेहुणा जीवन वरातीत डीजे लावायचा. त्यानं पंजाबरावला सोबत घेतलं. मिरवणुकीत कॉइल जळली तर तिथंच बदलायला माणूस लागे. पंजाबराव पाचसहा वर्षं त्या भिंतीएवढ्या आवाजासमोर उभा राहिला. घरी आल्यावर कानात झिणझिण व्हायची, सकाळी थांबायची. नंतर नंतर ती थांबेनाशी झाली. अधूनमधून तो कुणाची एखादी जोडी बनवून द्यायचा, आणि आपलं खरं काम अजून सुटलेलं नाही म्हणून मनातून सुखावायचा.

मागच्या उन्हाळ्यात मलकापूरचे चंद्रशेखर मास्तर आपली नवी जोडी रिक्षात घालून परत घेऊन आले. आवाज कानात सुईसारखा टोचतो, घरात कुणी लावू देत नाही, असं त्यांनी अवघडत सांगितलं. पंजाबरावनं जोडी लावून ऐकली. त्याला ती गोड लागली. दोष तुमच्या ॲम्प्लिफायरचा असेल, असं त्यानं तिरसटपणे ऐकवलं आणि घरी येऊनही तेच पुटपुटत बसला. बायको पंचफुला अंगणातून धावत आत आली, तिनं गॅस बंद केला आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“कुकर कवाचा शिट्या देऊन राह्यला. तुम्ही इथंच बसून आहा. तुम्हाले आयकू नाई येत काय?”

त्यानं वळून कुकरकडे पाहिलं. तिनं मग आवाज उतरवला.

“लय दिवसाचं पाहून राह्यली मी. पाखरंबी आयकू येत नाई तुम्हाले.”

अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की कानातली नस गेली आहे. बारीक आवाज आधी जातात. गेलेले परत येत नाहीत. पंजाबरावला स्वतःचं एवढं वाटलं नाही. बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ट्विटर कमी ऐकू यायचा, म्हणून आपण तो वाढवत गेलो. डीजेवर जायला लागल्यापासून दिलेली एकूणएक जोडी बिघडवूनच दिली.

त्यानं जीवनचं काम सोडलं. निरोगी कानाच्या काळात वापरलेले रेझिस्टर कोणते, हे हाताला पाठ होतं. ते आणि कथलानं तारा जोडायची सोल्डरिंग आयर्न पिशवीत टाकून तो एसटीनं घरोघर निघाला. मास्तरांची जोडी आधी नीट केली. खामगावात एकानं त्याच्या पेट्यांवर कुंड्या ठेवल्या होत्या. नांदुऱ्यातल्याच एका घरी त्या भंगारात गेल्या होत्या. कुणी त्याला बोल लावला नाही, तेच त्याला जड गेलं.

डोणगावला अनंतराव होते, बाजार समितीतले निवृत्त कारकून. त्यांची बायको वारलेली. तिनं कधीकाळी स्वयंपाकघरात म्हटलेली भुलाबाईची गाणी कॅसेटवर होती. तेवढी ऐकायला त्यांनी मुद्दाम पंजाबरावकडून जोडी करून घेतली होती.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. श्रद्धा तिचं नाव. मामंजी पौषात गेले, असं तिनं सांगितलं. पंजाबराव उभ्या उभ्या परत फिरणार होता. पण आलोच आहे तर दुरुस्त करून जातो, म्हणून त्यानं पेट्यांची मागची फळी उघडली. रेझिस्टर बदलला. श्रद्धानं कॅसेट लावली आणि ऐकता ऐकता ती खुर्चीच्या काठावर टेकली.

“ह्याच आमच्या सासूबाई,” ती म्हणाली. “असाच आवाज होता त्यांचा.”

थोड्या वेळानं तिनं सांगितलं, “मामंजींना वाटलं, टेपच खराब झाली. चिरका आवाज येतो म्हणायचे. हिचा असा नव्हता म्हणायचे. मग त्यांनी ऐकणंच सोडलं. शेवटी शेवटी मी विचारलं, लावू का? तर नको म्हणाले.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पंजाबरावच्या हातात फळीचे स्क्रू होते. त्यानं सांगायला तोंड उघडलं की टेप चांगली होती, बिघाड माझ्या कानाचा. आणि त्यानं ते सांगितलंही, सगळं. श्रद्धानं ऐकून घेतलं. मग चहा ठेवते म्हणून ती आत गेली.

कॅसेट चालूच होती. पंजाबराव पेटीला कान लावून बसला. कुणीतरी बाई भिंतीपलीकडे गुणगुणत असावी तसा जाडसर, शब्दांवाचून आवाज त्याला येत होता. गाण्यामागं त्या वेळच्या स्वयंपाकघरातली भांडी खणखणली असतील, बांगड्या वाजल्या असतील. त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्यानं एकेक स्क्रू आवळला आणि चहाची वाट न पाहता पिशवी उचलली.