काचेचं दुसरं टोक

अमरावतीच्या एमआयडीसीत काचेचा एक कारखाना आहे. तिथे शालिकरामने बावीस वर्षं काच उचलली. हे काम दुरून सोपं वाटतं. जवळ गेलं की कळतं, आठ मिलिमीटरची दाराएवढी काच दोन माणसांची कंबर वाकवते. ती कधी आडवी ठेवायची नसते. आडवी ठेवली की स्वतःच्याच भाराने तडकते. तिला काठावर उभी करायची, खाली लाकडी पट्टी, त्यावर रबर, आणि जराशी मागे रेललेली. तंबूच्या आकाराची लोखंडी घोडी असते, तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकवतात. काढतानाही एक या अंगाची, एक त्या अंगाची. एकच अंग रिकामं केलं, तर घोडी भरलेल्या बाजूवर उलटते.

हे सगळं शालिकरामला कुर्बानभाईंनी शिकवलं. दोघांची जोडी होती. जोडी म्हणजे काचेचं एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. उचलल्यावर गप्पा नाहीत. फक्त एक शब्द ठरलेला. काचेत कुठे 'कट्ट' वाजलं, हात निसटला, तर ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचं, "सोड!" आणि दोघांनीही त्याच क्षणी हात काढून मागे उडी मारायची. पडणारी काच धरायची नाही. कुर्बानभाई म्हणायचे, "काच गेली तर दुसरी येते रे शालिक. हात दुसरा येत नाही." पगाराची चिठ्ठी असो की लेकाचं पत्र, जपायचा कागद ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे; बाकीचे पँटच्या खिशात चुरगळून जायचे.

दोन वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, बाकी मंडळी डबे उघडून बसली होती. हे दोघं कच्ची, म्हणजे अजून तापवून कडक न केलेली काच भट्टीकडे नेत होते. शालिकरामच्या कोपऱ्यात 'कट्ट' वाजलं. त्याने हात काढले, मागे उडी मारली. तोंडातून मात्र शब्द निघाला नाही. सगळा भार कुर्बानभाईंच्या हातांवर गेला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवसापासून वळत नाहीत.

सुपरवायझर नितेश साहेब धावत आले. तोवर कुर्बानभाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "शालिकरामजी, सोड म्हटलं होतं ना तुम्ही?"

"म्हटलं होतं," शालिकराम बोलला.

एवढंच बोलला. रजिस्टरात लिहिलं गेलं की सूचना देऊनही कामगाराने काच सोडली नाही. ज्या माणसाने कारखान्याला काच सोडायला शिकवलं, त्याच्या नावापुढे हे लिहिलं गेलं. कुर्बानभाई अकोल्याला लेकाकडे राहायला गेले, परत आले नाहीत.

त्यानंतर व्हॅक्युमच्या रबरी वाट्या असलेली क्रेन आली. शालिकराम बटण दाबायचा, काच हवेत जायची. समोर टोक धरायला कुणी नसायचं. संध्याकाळी चांदूर रेल्वेच्या वाटेवरच्या आपल्या गावी तो पोचायचा, तिथेही कुणी नसायचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक आकांक्षा मोर्शीला दिलेली. ती फोनवर विचारायची, "बाबा, जेवले काय?" तो हो म्हणायचा. बरेचदा ते खरं नसे.

यंदा दिवाळीनंतर अकोल्याच्या एका दुकानासाठी काचा जायच्या होत्या. शालिकराम साहेबांना म्हणाला, "मी जातो गाडीसंगं." बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. ड्रायव्हर सहदेव म्हणाला, "मामा, काच मांगं हाये. तुमी काहून श्वास धरून बसले?" शालिकराम हसला नाही.

माल उतरला. एक या अंगाची, एक त्या अंगाची. मग गाडी तिथेच ठेवून तो अकोट फैल वस्तीत कुर्बानभाईंचं घर विचारत गेला. कुर्बानभाईंच्या बायकोने, आयशाबींनी, दार उघडलं, ओळखलं, आणि त्या आत वळल्या. कुर्बानभाई ओट्यावर डाव्या हाताने लसूण सोलत बसले होते.

"आला का शालिक? बस. दुबळा झाला तू. घरी चूल पेटते का नाही?"

"पेटते." शालिकराम बसला नाही. "कुर्बानभाई, म्या त्या दिवशी सोड म्हटलं नोतं."

"मालूम हाय."

"साहेबाले सांगतलं, का म्हटलं होतं म्हनून."

"तेबी मालूम हाय. रजिस्टराचा कागद मलेच तर वाचून दाखवला. उजवा हात पट्टीत होता, म्हनून अंगठा घेतला माह्या डाव्या हाताचा."

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

कुर्बानभाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "मले वाटलं, तूच सांगशीन. आठ दिवसांत सांगशीन. मंग वाटलं, महिन्याभरात. वाट पाह्यली मी, शालिक. आता हे मले सांगून काय फायदा? ज्याले मालूम नाही त्याले सांग."

आयशाबींनी चहा आणला. एकच कप. तो कुर्बानभाईंपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात, कामाला लागण्याआधी सगळे रांगेत उभे असतात, तेव्हा शालिकराम रांगेतून पुढे आला आणि बोलला. दोनच वाक्यं. साहेबांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली, सही घेतली.

त्याला कुणी काढलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. पण या धंद्यात ज्याने वेळेवर 'सोड' म्हटलं नाही, त्याच्यासमोर काचेचं दुसरं टोक कुणी धरत नाही. क्रेनवरही काच टेकवताना खाली एक माणूस लागतो. तो माणूस उभा राहिना. साहेबांनी शालिकरामला मागच्या शेडमध्ये पाठवलं, काचांच्या लाकडी पेट्या ठोकायला. तिथे तो, फळ्या आणि खिळे. दुपारी डबाही तिथेच उघडायचा.

दुरुस्त केलेल्या पानाची एक प्रत सहदेवच्या हाती अकोल्याला गेली. तो परतला तेव्हा शालिकराम शेडच्या दारातच उभा होता.

"देल्ला कागद?"

"देल्ला ना मामा."

"कुर्बानभाईनं वाचला?"

"चष्मा लावून दोनदा वाचला. मग बुढीले वाचून दाखवला."

"मंग काय म्हने?"

"काईच नाही म्हने. घडी केली अन् खिशात टाकला."

शालिकरामने फळी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"कोन्त्या खिशात?"

सहदेव चमकून पाहू लागला. "वरच्या. शर्टाच्या. काहून?"

"काही नाही," शालिकराम म्हणाला, आणि त्याने खिळे जवळ ओढले.