न उजाडलेल्या दिवसांवरची सही

आरोग्य केंद्राचा ताबा मिळाला तेव्हा मी तिशीच्या आतला होतो. आधीचे डॉक्टर बदलून गेले, जाताना किल्ल्यांचा जुडगा, गोल शिक्का आणि एक सल्ला देऊन गेले. "सही करताना वाचत बसू नका. वाचत बसलात तर केंद्र चालायचं नाही." त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

मी घाबरलेला होतो. पेशंट तपासताना भीती वाटत नसे, ते शिकलेलो होतो. भीती वाटे ती खुर्चीत बसल्यावर. बीडहून तपासणीला अधिकाऱ्यांची जीप आली की मी आधी टेबलावरचे कागद सारखे करी. आपलं काहीतरी चुकलंय आणि ते यांना कळलंय, असं वाटे. म्हाताऱ्या बायका दारातूनच म्हणायच्या, "मिशी तर आत्ता फुटलीया, आन् ह्यो मोठा डाक्टर?" शिपाई त्यांना दटावायचा आणि स्वतःच हसायचा.

लसीचा फ्रीज मागच्या खोलीत होता. त्याच्या दारावर तक्ता टांगलेला. रोज सकाळी आणि संध्याकाळी आतलं तापमान दोन ते आठ अंशांत आहे ना ते बघून त्यावर आकडा लिहायचा आणि खाली मी सही करायची. आकडे लिहायचं काम सिस्टरांचं. त्या माझ्या आईच्या वयाच्या, वीस वर्षं याच भागात नोकरी केलेल्या, मला "साहेब" म्हणत आणि औषधं घेतली का, जेवलात का, असं विचारत. सुट्टी लागून आली की तक्त्याचे रकाने आधीच भरून ठेवायचे, ही केंद्राची जुनी पद्धत होती. सुट्टीत कोण येऊन थर्मामीटर बघणार? मी ती पद्धत मोडली नाही. उलट त्या दसऱ्याला मीच म्हणालो, "सिस्टर, तीन दिवसांचं भरून टाका. मी सही करूनच गेवराईला घरी जातो."

त्यांनी भरलं. चार, पाच, चार, चार, पाच, चार. मी सहा सह्या केल्या, ओळीने. अजून न उजाडलेल्या तीन दिवसांवर.

चौथ्या दिवशी आमच्याकडे गोवराच्या लसीचं शिबिर होतं. दसरा झाला की इथली निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. एकदा गाड्या घाटाखाली उतरल्या की ती मुलं पाच-सहा महिने कुणाच्या हाती लागत नाहीत. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, थंडीत, फडात, एकमेकांना चिकटून. तिथं एकाला गोवर निघाला की सगळ्यांना निघतो. म्हणून जायच्या आधी टोचायचं. एवढं एक काम तरी आपण नीट करू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. शिपाई दारातच उभा होता.

"साहेब, तुमी तिकडं गेलात आन् इकडं दुपारीच डीपी जळाली. गावभर अंधार. सोनं वाटलं ते बी कंदील लावून. आज दुपारी नवी बसवली."

मी सरळ मागच्या खोलीत गेलो. ट्रान्सफॉर्मर जळाल्यापासून फ्रीज बंदच होता, आता घरघरत होता. काटा सहापर्यंत खाली आला होता. तक्त्यावर माझ्या सहीच्या वर लिहिलेलं होतं: चार.

दारावरचं रबर झिजलेलं. ऑक्टोबरची उष्णता. आत किती चढलं असेल, किती वेळ, ते कुणी पाहिलं नव्हतं. गोवराची लस म्हणजे बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी. उष्णतेने मेली तरी तशीच पांढरी राहते.

सकाळी शिबिराला निघताना सिस्टर लसीचा डबा भरत होत्या. डब्याच्या चारी बाजूंना बर्फाच्या चपट्या पिशव्या लावतात, त्या दगडासारख्या टणक लागतात. सिस्टरांनी एक उचलली, अंगठ्याने दाबली आणि माझ्यापुढे धरली.

"साहेब, पानीच हाय हे."

मी दाबून पाहिली. अंगठा आत गेला.

"राहू द्या," मी म्हणालो.

"बीडला आपली जीप पाठवावी का? नवी लस—"

"राहू द्या म्हटलं ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झाकण लावलं.

बीड आमच्यापासून तासाभरावर. जाऊन, लस घेऊन, परत यायला तीन तास. ते तीन तास मी तीस वर्षं मोजतो आहे. पण जीप पाठवायची म्हणजे चिठ्ठी द्यावी लागणार, लस का मागता. वीज नव्हती म्हणून. मग तक्त्यावर चार कसं? सही कुणाची? माझ्या डोळ्यांपुढे मुलं नव्हती, तो तक्ता होता आणि त्याच्यासमोर बसलेला कुणी अधिकारी.

शाळेच्या पटांगणात ट्रक उभा होता. वर भांडी, कोंबड्यांची डालगी, गोधड्या, आणि त्यावर बसलेली माणसं. मुकादम घाई करत होता.

"उरका की डाक्टरसाहेब. बाकीच्या गाड्या मांजरसुंब्याला उभ्या हायेत, डायवर शिव्या घालायलाय."

"दोन-तीन तास थांबता येईल का?" मी विचारलं. खरंच विचारलं. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू आला नसेल.

"काय म्हनलात?"

"काही नाही."

एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन रांगेत होती. ती मागे राहणार होती, गुरं सांभाळायला. मुलगा, सून आणि वर्षाचा नातू जाणार. माझ्या मिशीवरून बोलणाऱ्यांतलीच ती, पण त्या दिवशी तिने पोराचा दंड स्वतः उघडा करून माझ्यापुढे धरला. "तुमीच टोचा. नर्सबाईचा हात जड हाय."

सिस्टर हसल्या. मी टोचली. पोराने टाहो फोडला, म्हातारीने पदराने त्याचं नाक पुसलं आणि त्याला वर आईच्या हातात दिलं. ट्रक गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यातलं मला फार काही आठवत नाही, भीती तेवढी आठवते. वर्तमानपत्र आलं की साखर कारखाने असलेल्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांचं पान आधी काढायचो. चौकात नवंच एसटीडीचं पिवळं बूथ झालं होतं. त्याच्यापुढे बाया उभ्या दिसल्या की मी सायकल हळू करायचो आणि चेहरे बघायचो. म्हातारी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांना यायची. मी विचारायचो, "फोन आला होता का?" ती म्हणायची, "कावून ओ? रोज इचारता. पोरगा माजा हाय का तुमचा?"

जानेवारीत एक दिवस मी ताज्या लसीच्या बाटल्या डब्यात भरल्या, बर्फ टणक आहे हे तीनदा दाबून पाहिलं, आणि कुणाला न सांगता ती मुलं होती त्या साखर कारखान्याकडे निघालो. मांजरसुंब्याला एसटी बदलायची होती. तिथं एका ढाब्यावर चहा घेतला. डबा बाकावर माझ्या शेजारी. कारखान्यावर पोचून काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. तिथला डॉक्टर विचारणार, तुमचा इथं काय संबंध? यांना तर तुम्ही टोचलेलंच आहे, कार्डावर तुमचीच सही आहे. पुन्हा कशाला?

गाडी आली. कंडक्टरने घंटी मारली. मी बाकावरच बसून राहिलो. ती गेली तसा उठलो आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो.

सिस्टरांनी माझ्या हातातून डबा घेतला. उघडून पाहिला. "आज शिबिर व्हतं का साहेब?"

"नाही."

"बरं. बर्फ हाय अजून. ठिवून देते." यापलीकडे त्या त्यावर कधी बोलल्या नाहीत.

पाडव्याच्या सुमाराला ट्रक परतले. मी रोज फाट्यावर जाऊन उभा राहायचो. मुलं उतरत होती, काळवंडलेली, वाळलेली, पण उतरत होती. मी मोजत होतो. सगळी आली.

दोन दिवसांनी म्हातारी नातवाला घेऊन केंद्रावर आली. त्याला डिसेंबरात गोवर निघाला होता. बारा दिवस ताप, डोळे चिकटलेले. तिथं कुणी डोळ्यांकडे पाहिलं नाही. उजव्या बुबुळावर आता पांढरं फूल पडलं होतं. मी टॉर्च धरला तर पोराने डावाच डोळा मिटला.

"त्या टोळीत दुसऱ्या गावची दोन लेकरं गेली ओ," म्हातारी म्हणाली. "ह्येला तुमची सुई व्हती, म्हनून जीव वाचला. न्हाई तर आमी काय करनार व्हतो?" आणि तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या मिशीवरून मला हिणवणाऱ्या बाईने.

मी तिला अडवलंही नाही. अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली. त्या लसीने त्याचा आजार हलका केला असेल का? असेलही. ज्यांना गोवर झाला नाही, ते तिच्यामुळे की नशिबाने? मला आजही माहीत नाही. माहीत व्हायला ते तीन दिवस कुणीतरी काटा पाहायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात मी परतलेल्या सगळ्या मुलांना पुन्हा टोचलं. आयांनी विचारलं, पुन्यांदा कावून? मी म्हणालो, "वरून आदेश आलाय."

म्हातारी तिथंच होती. "वरची मान्सं लई काळजी घेत्यात मग," ती म्हणाली.

मे महिन्यात पुन्हा डीपी जळाली. या वेळी सिस्टर तक्ता घेऊन आल्या तेव्हा मी रकान्यांत आडवी रेघ मारली आणि लिहिलं: वीज नव्हती, लस वापरू नये. खाली सही केली, चिठ्ठीत तेच लिहिलं आणि जीप बीडला पाठवली. मग खुर्चीत बसून राहिलो. आता विचारणा होईल, मग दसऱ्याचा तक्ता निघेल, मग सगळंच निघेल. सिस्टरांनी चहा आणून ठेवला. तो मी घेतला नाही.

जेवणाच्या वेळेला जीप परत आली. ड्रायव्हरने नव्या लसीचा डबा टेबलावर ठेवला आणि पोचपावतीवर माझी सही घेतली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हननार? जुनी फेकून द्या म्हनले. आमच्याकडं बी लाईट नव्हती, जनरेटरवर चालवलं म्हनले."

"अजून काही विचारलं का? कारण वगैरे?"

"न्हाई बा." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "कावून साहेब? काही झालं व्हतं का?"

सिस्टर बर्फाच्या पिशव्या एकेक दाबून बघत होत्या. त्यांचा हात थांबला. मी म्हणालो, "नाही."