परत घातलेला कापूस

"जिथून काढला तिथं परत घाल."

मालकीणबाई असं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. कंबरेला बांधलेल्या फडक्याच्या ओटीत माझा मूठ-दोन मूठ कापूस होता. ती ओटी दोन्ही हातांनी धरून मी उभी होते आणि समोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आमच्या टोळीच्या तीसेक बाया बसल्या होत्या. त्यांच्यातलं कोणी हसत नव्हतं. मग मीही थांबले.

त्या दिवशी सीतादही होती. आमच्याकडे दारव्ह्याच्या बाजूला कापूस फुटला की पहिल्या वेच्याआधी वावरात ही पूजा करतात. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात चारी बाजूंना शिंपडायचा आणि पहिलं बोंड मालकिणीनं वेचायचं. त्याआधी मजुरानं हात लावायचा नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मालकीणबाईंची जीप यायला उशीर झाला. ऊन वर आलं, दव वाळलं, आणि मी उठून एका ओळीला लागले. मला त्या दिवशी माझ्या बहिणीपेक्षा जास्त कापूस वेचून दाखवायचा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.

"हिनं हात लावला," मालकीणबाई म्हणाल्या. "आता पह्यला येचा कोनाचा झाला?"

माझ्याशी त्या तेवढंच बोलल्या. आम्ही बौद्ध. त्यांच्या वावरात आमचे हात चालायचे, पण दुसऱ्या बोंडापासून. त्या ताईकडे वळल्या. "वनमाला, सांग तुह्या बहिणीले."

वनमाला म्हणजे माझी ताई. या तीस बायांची टोळी तिची. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलेल. गावात कोणाला न घाबरणारी बाई होती ती. ती म्हणाली, "घाल."

मी घातला. एकेक बोंड शोधून घातला. वेचून झालेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात, त्या नखात घुसतात. कापूस आत राहत नाही, फुगून बाहेर येतो, खाली पडतो. पडला की मालकीणबाई बोटानं दाखवायच्या. मी उचलायचे, पालापाचोळा झटकायचे, पुन्हा कोंबायचे. बाया आधी गप्प होत्या. मग एक जण फिसकन हसली आणि मग बऱ्याच हसल्या. माझं सगळं घालून होईपर्यंत तीस बाया हाताची घडी घालून बसून होत्या.

मग पूजा झाली. आणि मालकीणबाईंनी पहिलं बोंड वेचलं ते त्याच ओळीतलं. मी काढलेलं, मीच परत भरलेलं. तो कापूस चालला. त्यानंतर आम्हाला दहीभात मिळाला, हात लागणार नाही असा वरून, पळसाच्या पानावर. ताईनं खाल्ला. मी पान तसंच धुऱ्याखाली टाकलं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, नववीत. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न करून गेली आणि दोन वर्षांत नवऱ्याला सोडून परत आली. परत आलेल्या पोरी घराच्या कोपऱ्यात बसतात. ही बसली नाही. तिनं टोळी बांधली. ती आमच्या जिल्ह्यात कापसाची वाईट वर्षं होती. कधी पाऊस ऐन वेळी गायब, कधी बोंडात अळी, भाव तर नाहीच. जो काही कापूस व्हायचा तो सगळा एकदम फुटायचा. तो पावसात भिजायच्या आत घरात आणायचा म्हणून सगळ्यांना एकाच आठवड्यात बाया हव्या असायच्या. आणि बाया ताईच्या शब्दावर चालायच्या. मोटारसायकलवाले आमच्या दारात उभे राहायचे. आमच्या वस्तीत ज्यांनी कधी पाय ठेवला नव्हता ते "वनमालाबाई आहेत का?" असं विचारायचे. ताई आत भाकर खात असायची. सावकाश खायची. त्यांना उभं ठेवायची.

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द कमी पडतो. मी जळायचे. माय भाकरीचा पहिला पापुद्रा तिला द्यायची. पाहुणे आले की तिच्याबद्दल बोलायचे. वर्गात गुरुजी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायचे आणि म्हणायचे, "तुझ्या ताईला सांग, रविवारी आमच्याकडे बाया पाठव." माझा पेपर कसा गेला ते कोणी विचारत नव्हतं. अख्ख्या गावात मला नाव नव्हतं. मी वनमालाची बहीण.

आणि तो शर्ट. वेचायला जाणाऱ्या बाया साडीवरून पुरुषाचा जुना शर्ट घालतात, हात ओरबाडू नयेत म्हणून. आमचा बाप वारला तेव्हा त्याचे दोन शर्ट राहिले. एक निळा, पूर्ण बाह्यांचा, ताईच्या लग्नात शिवलेला. दुसरा कॉलर फाटलेला. निळा ताईनं घेतला. विचारलंसुद्धा नाही. फाटका मला आला. वावरात लांबून निळा शर्ट दिसला की बाया बोलणं थांबवून हात चालवायच्या. रात्री तो दोरीवर वाळत असायचा आणि मी त्याच्याकडे बघत पडून राहायचे. मला बापाची आठवण यायची म्हणावं तर तसंही नाही. मला तो शर्ट हवा होता.

दर रविवारी विहारात वंदना व्हायची. ताई पांढरी साडी नेसून पुढे उभी राहायची आणि वंदना झाली की दोन शब्द बोलायची. "कोनाच्या पुढं मान खाली घालाची नाई," असं ती म्हणायची. लोक माना डोलवायचे. सीतादहीनंतरच्या रविवारीही तिनं हेच सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून माझ्या नखांखालच्या जखमा बघत होते. त्या दिवशी मला ती सगळ्यात जास्त खोटी वाटली. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मनात आलं ते हेच की हिच्या जागी मी हवी होते.

वर्ष गेलं. मी दहावीत गेले. पुढच्या हंगामात पहिल्या वेच्याच्या आदल्या दिवशी ताई तापानं फणफणली. उठता येईना. माय तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. ताईनं डोळे न उघडता मला बोलावलं.

"उद्या बाया तू ने. मालकीणबाईच्या वावरात सीतादही हाय. नीट वाग. शर्ट घालून जा, म्हंजे बाया ऐकतीन."

मी तो शर्ट घातला. बाह्या लांब होत होत्या, दुमडल्या. सकाळी बाया घेऊन निघाले तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे चालत होते. मागून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता आणि कोणी मला ओलांडून जात नव्हतं. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, ताईचा ताप आठवडाभर उतरू नये.

वावरात पोचलो, धुऱ्यावर बसलो. यंदाही जीप उशिरा आली. मालकीणबाई उतरल्या, ताट घेऊन आल्या. आणि पाहतात तर आमच्यातली रंजना ओळीत उभी. रंजना नवी सून होती, राजूरकडची. तिचा बाप कोळशाच्या खाणीत. तिकडे तिच्या घरात कोणी पराटी लावली नव्हती. सीतादही काय ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी शर्टाच्या बाह्या सारख्या करण्यात गुंग होते. तिच्या ओटीत कापूस होता.

मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. शर्ट ओळखला असणार.

"मांगच्या साली तूच होती ना?" त्या म्हणाल्या. "मंग तुले माहीत हाय काय कराचं थे. सांग तिले."

खोटं बोलत नाही. क्षणभर मला बरं वाटलं. तीस बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक शब्द बोलायचा होता, ताई बोलली होती तोच. तो बोलले असते तर मी वनमालाची बहीण राहिले नसते, वनमालाच झाले असते. तोंड उघडलंही होतं.

पण माझ्या सांगण्याआधीच रंजना वाकली. सुमन मावशी, टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या कानाशी लागून सांगत होती, "परत घाल माय. इथला रिवाजच हाय तसा." आणि रंजना एका हातानं बोंड धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी कापूस कोंबत होती. तो फुगून बाहेर येत होता. ती मान खाली घालून पुन्हा कोंबत होती. कोणाला काही विचारत नव्हती.

रिवाज. या वावरात कापूस परत घालायचा रिवाज कधीच नव्हता. तो एका बाईनं एका सकाळी रागाच्या भरात काढला होता. ताईनं "घाल" म्हटलं, मी घातला, बाया हसल्या, आणि वर्षभरात त्याचा रिवाज झाला. म्हणजे तो मीच केला होता. माझ्या या दहा बोटांनी.

मी ओळीत गेले. रंजनाचा हात धरला. तिनं कोंबलेला कापूस बोंडातून काढला आणि माझ्या ओटीत टाकला. मग पुढच्या पराटीचं बोंड वेचलं. मग त्याच्या पुढचं.

"वेचा," मी बायांना म्हणाले.

कोणी उठलं नाही. सुमन मावशीनं पदर तोंडाला लावला. फक्त रंजना माझ्या शेजारच्या ओळीला लागली. तिलाही कळत नव्हतं ती काय करतेय ते, असं मला वाटतं.

"वनमाला असती तं असं झालं नसतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई नाई आली," मी म्हणाले. "मी आली."

त्यांनी ताट उचललं. जीपमध्ये बसताना ड्रायव्हरला म्हणाल्या, उद्यापासून दुसरी टोळी पाहा. सात खडे तसेच पडून राहिले. वेचलेला कापूस मी धुऱ्यावर ठेवला, त्यांचा होता तो. आम्ही पायी परत निघालो. आता माझ्या पुढे बऱ्याच जणी चालत होत्या. "आजचा रोज गेला," एक म्हणाली. "बह्यीनीनं पाच साल कमावलं थे पोरीनं एका घडीत घालवलं," दुसरी म्हणाली. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची होती आणि माझ्या हिमतीवर ती पेटणार नव्हती. रंजना सगळ्यांच्या मागे रडत येत होती. मी तिच्यासाठी केलं असं मला वाटत होतं, पण तिला सासरी काय ऐकावं लागणार याचा मी विचार केला नव्हता.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, तोंड तापानं लाल.

"रंजना घालून राह्यली होती ना गुमान? मंग तुह्या काहून पोटात दुखलं?"

"तू मले घालायले लावला होता," मी म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा म्हणाले.

"मले तीस घरं पाहा लागते," ती म्हणाली. "तुले एक तुहं नाक." मग तिनं माझ्या अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं. "तुले पह्यल्यापासून माह्या जागेचा जळफळाट हाय. मले का समजत नाई?"

"हो. हाय," मी म्हणाले.

माय मधे पडायला आली. ताईनं हातानं तिला थांबवलं. "उद्या सकाळी जा मालकीणबाईकडं. माफी माग. त्या म्हणतीन थे कर, परत घाल म्हणतीन तं घाल. नाई तं शर्ट ठेव आन् माह्या टोळीत येऊ नोको."

मी बटणं काढली. वरचं बटण घट्ट होतं, वेळ लागला. शर्टाची घडी केली आणि तिच्या खाटेवर पायथ्याशी ठेवली. त्याच्यासाठी मी एवढी जळले होते, पण तो परत मागावासा वाटला नाही. ताईचा हेवा मात्र गेला नाही, आजही गेला नाही. ती चालायला लागली की वाट रिकामी होते आणि मी चालले की लोक बघत राहतात, हे मला अजून लागतं. ती मोठी होती. तिच्यासारखी बाई आमच्या गावात दुसरी झाली नाही. पण ती ज्या एका शब्दावर मोठी राहिली, तो शब्द मला बोलायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी ताई तापातच उठली, तो शर्ट घातला आणि मालकीणबाईंकडे गेली. तिथं ती काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टोळीला काम परत मिळालं. मला मिळालं नाही. मी फाटक्या कॉलरचा शर्ट घालून एकटी दुसऱ्या गावाला वेचायला जाऊ लागले. सकाळी शाळा, दुपारून वेचणी. तिथल्या मालकिणीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कोनाची तू?"

मी माझं नाव सांगितलं. फक्त माझं.

एकदा बोंडातून काढलेला कापूस पुन्हा बोंडात बसत नाही. मी घालून पाहिला आहे. आता कोणी सांगितलं तरी घालणार नाही आणि कोणाला घालू देणार नाही. ताईनं सांगितलं तरी.