सोवळ्याची तार

“शिवू नका.”

उजवा तळहात पुढे, डाव्या हातात धुणे वाळत घालायची काठी. तारमास्तर असे उभे राहिले की समोरचा माणूस आपोआप मागे सरे. सोवळ्याचे कडक लोक तुम्हीही पाहिले असतील. परभणीच्या आमच्या गल्लीत मास्तरांच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, एक उंच तार होती. तिच्यावर त्यांचे सोवळ्याचे धोतर काठीनेच चढे आणि काठीनेच उतरे.

तारघरातून निवृत्त झालेले, विधुर, एकटे. बोलणे तारेच्या मजकुरासारखे तुटक. कोणी विचारले तर म्हणत, “शब्दाला पैसे पडतात, बापा.”

माझे दुकान बॅटऱ्या भरण्याचे आणि रेडिओ दुरुस्तीचे. निजामी राजवटीचे ते अखेरचे दिवस. हत्यारबंद टोळ्या खेड्यांवर जात. संध्याकाळी कोणत्या दिशेला धूर दिसेल, याचा विचार लोक सकाळपासून करीत. बोलत मात्र नसत.

मास्तरांच्या घरासमोर पोलीस अमीन, म्हणजे निजामाचे फौजदार, राहत. जन्म त्याच गल्लीतला. मास्तरांना ते काका म्हणत. एके दिवशी त्यांच्या अम्मींनी मला बोलावले.

“मिस्त्री, दोपहर को इस डब्बे में कोई कुंडी बजाता. गाना बंद, ठकठक चालू. जिन होना.”

अमीन हसले नाहीत. “जिन की माणूस, ते बघा,” ते मला म्हणाले.

दुपारी मी रेडिओ उघडून बसलो. ठकठक आली. लांब, आखूड, आखूड. ती तारघरातली लिपी होती. रेडिओची हवाई तार तपासायला अमीनांच्या माळवदावर चढलो, तेव्हा समोरची सोवळ्याची तार नीट दिसली. दोन्ही टोकांना चिनी मातीच्या पांढऱ्या गोट्या होत्या. त्या वीज अडवायला लावतात. धोतराला त्यांची गरज नसते.

मी मास्तरांकडे गेलो. माझ्या जातीचा माणूस त्यांच्या ओसरीवर चढत नसे. त्यांनी माझे मनगट धरून मला आत घेतले.

“या. सोवळं आता फक्त तारेला हाय.”

“तुमची तार अमीनसाहेबांच्या रेडिओत बोलायलीय.”

“किती मोठ्यानं?”

“अम्मींना ऐकू येतंय, एवढ्यानं.”

“मग लय मोठ्यानं हाय.”

त्यांनी थोडक्यात सांगितले. मोठ्या लढाईआधी, दूरच्या गावी नोकरीला असताना, त्यांना हौसेखातर बिनतारी संदेश पाठवण्याचा परवाना होता. लढाईत परवाना गेला, यंत्र राहिले. टोळी कोठे निघणार, हे कचेरीतला कोणी त्यांना कळवी. चुडाव्याच्या बाजूला कोणी ऐकत असे, आणि ज्या गावावर टोळी जाणार ते संध्याकाळपूर्वी रिकामे होई. सापडल्यास आपले काय होईल, हे त्यांनी सांगितले नाही. ते दोघांनाही ठाऊक होते.

“बंद करा,” मी म्हणालो.

“टोळ्या बंद झाल्या की करतो.”

मग मी माझे काम केले. अमीनांची हवाई तार मास्तरांच्या तारेला समांतर होती. ती आडवी फिरवली, आखूड केली. रेडिओची जमिनीत पुरलेली तार ओली ठेवा, असे अम्मींना सांगितले. त्या रोज दुपारी दुवा म्हणत तिथे पाणी घालू लागल्या. ठकठक पुसट झाली, गेली नाही.

“जिन दूर गया,” अम्मी म्हणाल्या. हे ऐकून मास्तर हसले. मी त्यांना हसताना तेवढेच पाहिले.

श्रावणात मास्तरांना हिवताप आला. त्याच दिवसांत अमीनांनी मला पुन्हा बोलावले. दुपार होती, आणि ते स्वतः घरी होते. मी रेडिओपाशी बसलो होतो; ते खिडकीशी उभे होते. ठकठक सुरू झाली.

समोरच्या तारेवर घामाने भिजलेला एक सदरा वाळत होता. तापाच्या ग्लानीत मास्तरांनी सवयीने काठी उचलली असावी.

“मिस्त्री,” अमीन सावकाश म्हणाले, “लहानपणी मी काकांच्या धोतराला हात लावला, तर त्यांनी सगळं धुणं परत धुतलं. शिवू नको म्हणाले. आन् आज सोवळ्याच्या तारेवर सुईदोऱ्यानं शिवलेला, घामाचा सदरा?”

ते बाहेर पडले.

समोरची कुंडी वाजली. पुन्हा वाजली. रेडिओतली ठकठक थांबली नाही. दारावर लाथ बसली, तरी थांबली नाही. मजकूर संपल्याची खूण मला ओळखता येत होती. ती आली, आणि मग गाणे स्वच्छ ऐकू येऊ लागले.

“शिवू नका,” मास्तरांचा आवाज आला.

“आज शिवावं लागतंय, काका.”

पुढे फौजा आल्या, राजवट गेली, तुरुंग उघडले. मास्तर आले नाहीत.

शिपायांनी तार त्याच दिवशी कापून नेली होती. सदरा मास्तरांच्या घराच्या चौकात पडला. अम्मींनी रेडिओ लावणे सोडले. पुरलेल्या तारेला पाणी मात्र त्या घालीत राहिल्या. सदरा उन्हापावसात विटत गेला. मनाई करणारे कोणी उरले नव्हते. तरी गल्लीत त्याला कोणी शिवले नाही.